हिपॅटायटिस सी: महामारीत राहून गेलेल्या तपासण्यांचं पुढे काय झालं?

कोरांटी_फुले
यकृताच्या रुग्णांच्या नोंदी ठेवायचं काम मी बरीच वर्षं करते. हिपॅटायटिस सी च्या नोंदवहीत एरवी दर आठवड्याला नवी नावं चढायची. एप्रिल 2020 मध्ये ती पानं जवळजवळ कोरी राहिली. पुढे एका बैठकीत कुणीतरी त्या घसरलेल्या आकड्यावर बोट ठेवून "चला, हा आजार तरी कमी झाला" असं म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. आजार होता तिथेच होता, फक्त त्याला शोधायचं काम थांबलं होतं.

कोविडच्या लाटा गेल्या, दवाखाने पूर्ववत झाले, पण तेव्हा न झालेल्या तपासण्या नंतर आपोआप झाल्या असं मला वाटत नाही. ज्यांची तपासणी लांबली, ती माणसं स्वतःहून परत येत नाहीत. कारण त्यांना काही होतच नसतं. त्यांना हुडकून परत बोलवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यापैकी कुणाची किंवा घरातल्या कुणाची तपासणी त्या काळात राहिली का? नंतर झाली का? लॅब, दवाखाना, औषध दुकान, कुठल्याही बाजूचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

दूरचा_पाहुणा
म्हणजे कावीळच ना ही? मग डोळे पिवळे झाले की माणूस जाईलच डॉक्टरकडे. तपासणी वर्षभर पुढे गेली तर नेमकं काय बिघडतं? खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

यकृतमित्र
पाहुणे, चांगलं झालं विचारलंत, कारण बहुतेकांचा हाच समज असतो.

सी विषाणूची लागण झाली तेव्हा कावीळ दिसलीच पाहिजे असं नाही. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. साधारण 30 टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि वर्षानुवर्षं यकृत खरवडत राहतो. त्यातल्या 15 ते 30 टक्के लोकांना 20 वर्षांत सिरोसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं. पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कर्करोग होऊन माणूस आमच्यापर्यंत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता महामारीचं. सी चं निदान होतं तरी कसं, हे आधी पाहायला हवं. "मला हिपॅटायटिस सी आहे का ते बघा" असं म्हणत फार थोडे लोक येतात. बाकीच्यांचं निदान वाटेत होतं. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत सापडतं, गरोदरपणात सापडतं, रक्तदान केल्यावर रक्तपेढीतून फोन येतो, नोकरीच्या मेडिकलमध्ये निघतं. मार्च 2020 नंतर तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली, रक्तदान शिबिरं बंद झाली, आरोग्य तपासण्या बंद झाल्या, ओपीडी निम्म्यावर आली. माणूस ज्या ज्या वाटांनी नकळत आमच्याकडे यायचा, त्या सगळ्या एकाच आठवड्यात बंद पडल्या. डायलिसिसच्या रुग्णांची तपासणी काय ती बऱ्यापैकी चालू राहिली, कारण त्यांना आठवड्यातून अनेकदा यावंच लागतं.

आकडेमोडे
डॉक्टरांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या लॅबसाखळीच्या नोंदींवरून केलेला अभ्यास 2021 मध्ये आला. 2018 आणि 2019 मधल्या त्याच महिन्यांशी तुलना केली तर एप्रिल 2020 मध्ये सी च्या अँटिबॉडी तपासण्या 59 टक्क्यांनी घटल्या होत्या. जुलैपर्यंत ही घट 6 टक्क्यांवर आली, म्हणजे तपासण्या सावरल्या. पण औषधोपचार सावरला नाही. मे मध्ये औषधांच्या प्रिस्क्रिप्शन 43 टक्के कमी होत्या आणि जुलैमध्येही 38 टक्के कमीच होत्या. तपासणीची खिडकी उघडली तरी पुढची साखळी तुटलेलीच राहिली, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दैवदुर्विलास असा की त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) 18 वर्षांवरच्या सगळ्यांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी, अशी नवी शिफारस जाहीर केली होती. ती ऐकायला दवाखान्यात कुणी नव्हतं.

दुसरा अभ्यास जागतिक प्रारूपाचा, म्हणजे गणिती मॉडेलचा. हिपॅटायटिस निर्मूलनाचा कार्यक्रम एक वर्ष लांबला तर 2030 पर्यंत सी मुळे यकृताच्या कर्करोगाचे 44,800 रुग्ण आणि 72,300 मृत्यू जास्त होतील, असा त्याचा अंदाज होता.

शंकासुर२
माझं मत थोडं वेगळं आहे.

पहिलं, प्रारूपातला आकडा म्हणजे अंदाज. "एवढी माणसं गेली" असं तो सांगत नाही, "अमुक घडलं तर एवढी जातील" असं सांगतो. पुढेमागे कुणीतरी तो मोजलेला आकडा म्हणून फिरवेल.

दुसरं, 2019 मध्येही जगातल्या सी च्या रुग्णांपैकी जेमतेम 21 टक्के लोकांचं निदान झालं होतं. म्हणजे महामारी यायच्या आधीच पाचातल्या चौघांना आपल्याला आजार आहे हे माहीत नव्हतं. सगळं खापर निर्बंधांवर फोडलं की आधीच्या हलगर्जीपणाचा हिशोब कोण देणार?

तिसरं, ऑक्सिजनला माणसं तडफडत असताना 20 वर्षांनी त्रास देणारा आजार मागे ठेवणं योग्यच होतं. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं.

कोरांटी_फुले
@शंकासुर२, तिसऱ्या मुद्द्यावर माझा वाद नाहीच. एप्रिल 2020 मध्ये तपासण्या का थांबवल्या, असं मी विचारत नाहीये. थांबवलेलं काम पुन्हा हातात घेताना जे मध्ये गळले त्यांची यादी कुणी केली का, एवढंच विचारतेय.

नळीपरीक्षा
मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

सी चं निदान दोन टप्प्यांचं असतं. आधी अँटिबॉडी. ती पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. आत्ता आहे का, हे विषाणूचा जनुकीय धागा (आरएनए) शोधणाऱ्या पीसीआरने कळतं. आता पीसीआर म्हटल्यावर लक्षात आलंच असेल. सी चा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ज्या मशीनवर लावायचो त्याच मशीनवर कोविडचे स्वॅब आले. कार्ट्रिजवाल्या जीनएक्स्पर्टचंही तेच, त्यावर टीबी, सी आणि कोविड तिघेही रांगेत. आमचं मोठं मशीन दिवसरात्र कोविडवर चालायचं. पिपेटच्या फिल्टर टिप मिळेनात, आरएनए वेगळा काढायचे किट मिळेनात. आलेली खोकी कुणासाठी, यावर चर्चा करायची वेळच नव्हती.

त्यात एक बारीक गोष्ट आहे, बाहेर कुणाला माहीत नसते. सी च्या आरएनएसाठी घेतलेलं रक्त तसंच पडून चालत नाही. साधारण दिवसभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढावा लागतो, नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही. लांबून नमुने घेऊन येणारी गाडी बंद झाली, नाक्यावर अडकली की नमुना फुकट. जांभळ्या बुचाच्या नळ्या ट्रेमध्ये उशिरा पोचलेल्या बघायच्या आणि "नमुना पुन्हा पाठवा" असा शेरा मारायचा. त्या दिवसांत पुन्हा कोण येणार होतं?

आम्ही सगळे झोकून काम करत होतो, शंकासुर म्हणतात ते पटतं. पण लाट ओसरल्यावर ती मशीनं मोकळी झाली होती. क्षमता आधीपेक्षा कितीतरी वाढली होती. ती सी साठी लगेच वापरायला हवी होती, हे मला मनापासून वाटतं.

सांजसावल्या_७
वाचनमात्र असते, आज लिहिते.

माझ्या मोठ्या दिरांचं ऑपरेशन मार्च 2020 मध्ये ठरलं होतं. यकृतमित्र म्हणतात तसंच, त्याआधीच्या तपासणीत एचसीव्ही (म्हणजे सी विषाणूची) अँटिबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह आली. रिपोर्टवर कुणीतरी निळ्या पेनने प्रश्नचिन्ह काढून शेजारी "कन्फर्म करणे" लिहिलं होतं. दोन दिवसांत सगळं बंद झालं आणि ऑपरेशन रद्द. तो कागद फाइलमध्ये गेला. दवाखान्यातून फोन आला नाही आणि आम्हाला त्या शब्दांचा अर्थ कळला नाही. भाऊजी ठणठणीत होते. घरातल्या दोघांना कोविड झाला, त्यात ती फाइल कुठे आठवणार?

2021 संपताना त्यांचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं थकवा असेल. मग पोट फुगलं. सोनोग्राफीत सिरोसिस निघाला. नव्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले तेव्हा तो निळा शेरा पुन्हा वाचला. जाऊबाई त्यावर बोट ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

12 आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणू गेला. आता व्हायरल लोड शून्य आहे. पण दर सहा महिन्यांनी कर्करोगासाठी सोनोग्राफी करावी लागते आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाचं लक्ष लागत नाही. दीड वर्ष आधी कळलं असतं तर यकृताची अवस्था कदाचित फार वेगळी नसती, असं डॉक्टर म्हणाले. पण पोटात पाणी होण्याआधी गोळ्या सुरू झाल्या असत्या, एवढं नक्की.

दूरचा_पाहुणा
ताई, वाचून वाईट वाटलं. भाऊजींना बरं राहो.

यकृतमित्र
ताई, सोनोग्राफी चुकवू नका, हे आवर्जून सांगतो. सिरोसिस झाल्यानंतर विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका कमी होतो, पूर्ण संपत नाही. पण विषाणू गेल्यावर सुजलेलं यकृत बरंच सावरतं, अनेकांचं पोटातलं पाणीही ओसरतं. उपचार उशिरा झाला म्हणून वाया गेला असं अजिबात नाही.

तुमच्या घरी जे झालं ते टाळायचा साधा उपाय आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की त्याच रक्ताच्या नमुन्यावर लॅबनेच आरएनए लावायचा, माणसाला पुन्हा बोलवायचंच नाही. याला रिफ्लेक्स टेस्टिंग म्हणतात. ते असतं तर "कन्फर्म करणे" हा शेरा लिहायची वेळच आली नसती, त्याजागी थेट निकाल असता.

नळीपरीक्षा
+१. मात्र त्यासाठी पहिल्याच वेळी नमुना पुरेसा आणि नीट ठेवलेला हवा. लॅबमध्ये तशी पद्धत बसवता येते, फक्त डॉक्टरांनी तशी मागणी लावून धरायला हवी.

पारवाघर
व्यसनाधीन लोकांबरोबर काम करतो. या धाग्यात अजून त्यांचं नाव आलं नाही. अनेक देशांत नव्या लागणींचा मोठा वाटा सुया-सिरिंज वाटून घेण्यातून येतो.

निर्बंधांत सुई बदलून देणारी केंद्रं बंद पडली किंवा वेळ कमी झाली. रोज मेथाडोन (अफूवर्गीय व्यसनावरचं औषध) घ्यायला येणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी घरी न्यायला अनेक दिवसांचा डोस दिला. अमेरिकेत स्थिर रुग्णांना 28 दिवसांपर्यंतचा डोस न्यायची मुभा मिळाली. माणसांच्या दृष्टीने तो फार चांगला निर्णय होता आणि तो टिकावा असंच मी म्हणेन. पण आमची तपासणी त्या रोजच्या भेटीवर उभी होती. माणूस खिडकीशी येतो, दोन शब्द बोलतो, विश्वास बसला की बोट पुढे करतो. भेटच नाही म्हटल्यावर तपासणी कुठून?

शंकासुर, 20 वर्षांनी त्रास देणारा आजार म्हणालात. ज्याला लागण आहे हे माहीत नाही, तो आजही दुसऱ्याला देतोय. लांबलेल्या तपासणीची किंमत त्या एका माणसापुरती राहत नाही.

शंकासुर२
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, मान्य. प्रारूपाबद्दलचं आणि 21 टक्क्यांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

आकडेमोडे
21 टक्क्यांचं पुढे: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 अखेर निदान झालेल्यांचं प्रमाण 36 टक्के होतं आणि उपचार मिळालेल्यांचं 20 टक्के. सुमारे 5 कोटी लोक अजून या विषाणूसह जगत होते आणि त्या एका वर्षात 2,42,000 मृत्यू झाले. 2030 चं उद्दिष्ट निदानाचं 90 आणि उपचाराचं 80 टक्के आहे. तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत: आधीही मागेच होतो आणि महामारीने आणखी मागे ढकललं.

थोडं विषयांतर. या विषाणूच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ते 5 ऑक्टोबर 2020 ला, ऐन महामारीत. 1989 मध्ये विषाणूची ओळख पटली आणि पंचवीसेक वर्षांत तोंडाने घ्यायच्या, 95 टक्क्यांहून जास्त लोकांना बरं करणाऱ्या गोळ्या आल्या. जुनाट विषाणूजन्य आजार कायमचा बरा होण्याचं असं दुसरं उदाहरण नाही. आणि अडतंय कुठे, तर तपासणीपाशी!

पानगळ_वसंत
कोविडची लस वर्षात आली, मग सी ची का नाही?

यकृतमित्र
हा विषाणू फार बहुरूपी आहे. त्याचे आठ जनुकीय प्रकार आहेत, शिवाय एकाच रुग्णाच्या शरीरातही तो बदलत राहतो. एका लसीची चाचणी झाली, निष्कर्ष 2021 मध्ये आले. प्रतिकारशक्ती जागी झाली, पण जुनाट लागण थांबली नाही. म्हणून सध्या शोधा आणि बरे करा, हाच मार्ग.

पानगळ_वसंत
धन्यवाद डॉक्टर.
माझा मेव्हणा सुईला इतका घाबरायचा की कुठलीही रक्ततपासणी म्हटली की कारणं तयार. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेतल्यावर म्हणाला, "यापुढे रक्त हवं तेवढं काढा, नाकाला हात लावू नका!" त्याच उत्साहात बहिणीने त्याची हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही करून घेतली. निगेटिव्ह. :)

पारवाघर
हाहा, असा उत्साह आमच्याकडेही दिसला. लोकांना तपासणीची सवय लागली होती. "पॉझिटिव्ह", "पीसीआर", "व्हायरल लोड" हे शब्द समजावून सांगावे लागत नव्हते.

आणि काही ठिकाणी संधीचं सोनंही केलं. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना हॉटेलांत हलवलं. लंडनमध्ये फिरती पथकं तिथे जाऊन कोविडबरोबर सी, बी आणि एचआयव्हीची तपासणी करायला लागली. ज्यांना गाठायला आधी महिने लागायचे ती माणसं एका छताखाली होती, खोली क्रमांकासह. बोटातून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून टपालाने पाठवायची पद्धतही कामी आली. नळीपरीक्षा म्हणतात त्या दिवसभराच्या घाईची त्यात गरज नाही.

यकृतमित्र
आमच्याकडेही काही बदल टिकले. फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) बंद होता तेव्हा वय, एएसटी, एएलटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट यांच्यावरून फिब-4 हा गुणांक काढून यकृताचा अंदाज घ्यायला लागलो. सिरोसिस नसलेल्यांना पूर्ण 12 आठवड्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, मधली विचारपूस फोनवर. रुग्ण बरे झाले. दर महिन्याला हेलपाटे घालायला लावायची गरज नव्हती हे तेव्हा उघड झालं.

मधला_थांबा
मीही त्यातलाच एक. गोळ्यांचा कोर्स लॉकडाऊनमध्ये संपवला. संपल्यानंतर 12 आठवड्यांनी परत तपासायचं होतं, ते आजतागायत झालं नाही. मध्यंतरी दुसऱ्या कारणासाठी रक्त दिलं तर सी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तेव्हापासून झोप उडालीय. आजार परत आला का?

यकृतमित्र
घाबरू नका. बरं झाल्यावरही अँटिबॉडी बहुतेक वेळा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, त्यावरून काहीच ठरत नाही. आरएनए करा. 12 आठवडे उलटून गेले म्हणून वेळ निघून गेली असं नसतं, आज केली तरी तेवढीच उपयोगी आहे. निगेटिव्ह आली तर तुम्ही बरे झालात. मात्र पुन्हा लागण होऊ शकते, अंगात कायमचं संरक्षण राहत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मधला_थांबा
खूप आभार. उद्याच जातो.

कोरांटी_फुले
मूळ प्रश्नाकडे येते. @मधला_थांबा आणि सांजसावल्या ताईंचे भाऊजी, हीच ती गळालेली माणसं. दोघांच्याही नोंदी कुठल्या ना कुठल्या संगणकात होत्या.

नेदरलँड्समध्ये निदान होऊनही उपचाराबाहेर राहिलेल्यांना जुन्या लॅब नोंदींमधून शोधून परत बोलवायचा देशव्यापी प्रकल्प झाला. त्याच धर्तीवर आम्ही छोट्या प्रमाणात सुरुवात केली. 2020 आणि 2021 मध्ये अँटिबॉडी पॉझिटिव्ह, पण आरएनएची नोंद नाही, अशी यादी काढली. मग एकेक फोन. कितीतरी नंबर बंद. काहींचं निधन झालेलं. काही जण "तुम्ही चुकीच्या माणसाला फोन केलाय" म्हणून ठेवून देतात. म्हणून आता समोर तीच व्यक्ती आहे याची खात्री होईपर्यंत आजाराचं नाव काढत नाही, आणि खात्री झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगते की हा गोळ्यांनी बरा होतो. ते वाक्य आधी आलं की फोन ठेवला जात नाही, हा अनुभव आहे.

आकडेमोडे
हे काम फार मोलाचं आहे. यात एक भर: जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2021 मध्ये घरी स्वतः करायच्या तपासणीची शिफारस केली आणि जुलै 2024 मध्ये अशा पहिल्या किटला प्रमाणित केलं. हिरडीवरून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर चालतं. फोनवर मिळालेल्या, पण दवाखान्यात यायला बिचकणाऱ्यांना ते पाठवता येईल का?

नळीपरीक्षा
तेही अँटिबॉडीच दाखवतं हे विसरू नका. तुमच्या यादीतल्यांची अँटिबॉडी आधीच कळलेली आहे, त्यांना थेट आरएनए हवा. किट त्यांच्या घरच्यांसाठी, जोडीदारासाठी जास्त उपयोगी.

कोरांटी_फुले
बरोबर. घरच्यांना विचारायचं आमच्या फोनमध्ये नव्हतं, ते आता घालते.

दूरचा_पाहुणा
हा धागा वाचून काल आईची जुनी फाइल काढली. 2020 च्या जानेवारीतल्या रिपोर्टवर "एचसीव्ही: रिअ‍ॅक्टिव्ह" असं आहे. पुढे काहीच नाही. लॅबमध्ये नेमकं काय सांगायचं? उपाशीपोटी न्यायचं का?

नळीपरीक्षा
"एचसीव्ही आरएनए क्वांटिटेटिव्ह" सांगा. उपाशी राहायची गरज नाही. जुना रिपोर्ट बरोबर न्या. नमुना तिथेच लावतात की बाहेर पाठवतात ते विचारा, आणि पाठवत असतील तर सकाळी लवकर द्या.

यकृतमित्र
त्याच वेळी एएसटी, एएलटी आणि प्लेटलेटही करून घ्या, म्हणजे फिब-4 लगेच काढता येईल. निकाल आला की इथे किंवा व्यनित कळवा.